काटकसर व घरातील साधी सुखे

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आखाजीला खापर चढते. चुलीवर पालथे घातलेले ते मोठे मातीचे पात्र चांगले तापले म्हणजे आई किंवा आजी पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत वाढविते. तो तळहातांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरांपर्यंत पसरत जातो, आणि कागदाइतका पातळ झाला की एका झटक्यात खापरावर जाऊन बसतो. हाच आपला खान्देशी मांडा. परगावच्या पाहुण्यास हा प्रकार जादूचा वाटतो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, कारण आपण तो पाळण्यात असल्यापासून पाहत आलो आहो. परंतु क्षणभर विचार करा: ह्या मेजवानीला सामग्री ती काय लागली? कुंभाराचे एक खापर, शेतातले गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, आणि जळण म्हणून कपाशीच्या वाळलेल्या काड्या. बाकी सर्व कौशल्य त्या दोन हातांचे. ते कौशल्य कोणत्याही बाजारात मिळत नाही.

मांड्यांचे नाव निघाले की आपल्या गावच्या लोकांना मुक्ताईची आठवण होणे साहजिक आहे. पूर्वीच्या एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते तिच्याच नावाने, आणि 1297 साली तापीतीरी, आपल्याच परिसरात, ती विजेच्या लोळात गुप्त झाली अशी श्रद्धा आहे. ती लहान असताना भावंडांसाठी मांडे करावयास निघाली. परंतु विसोबाने कुंभारांना दटावून तिला खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि बहिणीने तिच्यावर मांडे भाजले, अशी आख्यायिका तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्या कथेत निराळीच गोष्ट मोठी वाटते. आईबाप गेलेली, गावाने टाकलेली ती चार मुले. त्यांच्या घरात भांडेसुद्धा नाही. आणि तरी त्यांपैकी एकाला मांडे खावेसे वाटतात व दुसरी ते करावयास उठते. हौस ही श्रीमंतांचीच मिरास आहे असे ज्याला वाटत असेल त्याने ही कथा पुन्हा ऐकावी.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे वाक्य तुम्ही निबंधांतून पुष्कळदा लिहिले असेल; शिक्षकांनी त्यावर बरोबरची खूणही केली असेल. पण दोहोंतला भेद नेमका कोठे आहे? माझ्या मते तो दारात पाहुणा आला म्हणजे कळतो. कृपण मनुष्य पाहुणा पाहताच शिजलेले झाकून ठेवितो. काटकसरी घरात पाहुण्याच्या वाटणीची भाकरी आधीच बाजूला असते, कारण सकाळपासून काही वाया गेलेले नसते. दोघेही खर्च कमी करितात. एक आपल्यासाठी, एक दुसऱ्यासाठी.

आता आपल्या खान्देशातील स्वयंपाकघरात डोकावून पाहू. ज्वारीत अख्खे उडीद व मीठ मिसळून दळले की कळणा होतो. त्याच्या भाकरीला तेल लागत नाही, तूप लागत नाही. ठेचा किंवा भरीत असले की पुरे. ज्यांनी ही जोडी प्रथम जमविली त्यांना पोषणशास्त्राचे नावही ठाऊक नसेल. परंतु धान्य व कडधान्य एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढिते, हे आजचे शास्त्र सांगते तेच त्यांच्या जात्यातून रोज बाहेर पडत होते. भरताची तर गोष्टच वेगळी. जळगावकडील भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ह्या मातीचा गुण सरकारदरबारी नोंदला गेला. पण हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर वांगी खरपूस भाजावी, साल काढून लाकडी भांड्यात कुटावी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालावी आणि केळीच्या पानावर सर्वांनी मांडीला मांडी लावून जेवावे, ह्या सुखाची नोंद कोणत्या दप्तरात होणार? जळण शेतातले, पान शेतातले, वांगे शेतातले. विकत आणलेले असे त्यात फारच थोडे. आणि जेवण संपले म्हणजे पानेसुद्धा गुरांच्या पुढे जातात.

उन्हाळ्याचे काम ह्याहून मोठे. गहू तीन दिवस भिजवून त्यांचा चीक काढावयाचा, तो शिजवून कुरडया घालावयाच्या. ज्वारी भिजवून, दळून, शिजवून ओल्या कापडावर बिबडे पसरावयाचे. पाटावर शेवया वळावयाच्या. ही कामे एकटीने होत नाहीत. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी अशा शेजारणी पाळीपाळीने जमतात आणि मजुरी कोणी कोणाला देत नाही. आम्हा मुलांची नेमणूक कावळे हाकण्यावर असे. त्याचा मोबदला म्हणजे वाटीभर गरम चीक आणि अर्धवट वाळलेले बिबडे. पूर्ण वाळलेल्या बिबड्यापेक्षा अर्धवट वाळलेले अधिक रुचकर लागते, हे माझे मत आजही कायम आहे. त्यामुळे कावळ्यांपेक्षा राखणदारांनीच अधिक नुकसान केले, असा ठपका आमच्यावर दरवर्षी येई.

खेळही असेच घरचे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाई बसवितात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखावयाचा असतो. खाऊ काय, तर कधी फुटाणे, कधी गुळाची पोळी. पण तो डब्यात आहे व डबा झाकलेला आहे, एवढ्यानेच त्याला केवढी गोडी येते! विकतच्या खेळण्यात ही गोडी दोन दिवस टिकते. भुलाबाईच्या डब्यात ती महिनाभर टिकत असे.

पैसा हाती खेळू लागला म्हणजे मनुष्याची काय दशा होते, ह्याचा एक धडा आपल्या कापसाच्या मुलखाने पूर्वी घेतलेला आहे. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला न भूतो असा भाव आला. शेजारच्या वऱ्हाडाकडे काही शेतकऱ्यांनी नांगराचे फाळ व गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्या, असे त्या काळच्या लिखाणात आढळते. युद्ध संपले, भाव कोसळला. चांदीच्या फाळाने जमीन अधिक पिकत नाही, हे तेव्हा कळून उपयोग नव्हता. कापूस आजही वर्षातून एकदाच पैसा देतो. तो बारा महिने पुरवावयाचा असतो, ही आपल्या शेतकरी घरांची खरी अडचण आहे. ज्याला पहिल्या तारखेला पगार मिळतो त्याची काटकसर निराळी व ज्याला दिवाळीच्या सुमारास एकदाच रक्कम मिळते त्याची निराळी. दुसऱ्याला महिन्यांचा नव्हे तर ऋतूंचा हिशेब ठेवावा लागतो.

साधेपणात शोभा नसते असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. 1936 च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्यापूर्वी ते नेहमी शहरातच भरत असे. खेड्यात भरलेले हे पहिले. महात्मा गांधींचा आग्रह होता की मंडप, कमानी, निवास हे सर्व आसपास मिळणाऱ्या जिनसांतून व गावच्या कारागिरांच्या हातून उभे राहावे. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस येथे येऊन राहिले आणि बांबू, चटया, गवत ह्यांतून त्यांनी टिळकनगर सजविले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैल जोडलेल्या रथातून निघाली. देशातला एक थोर कलावंत आपल्या बांबूंपुढे बसला आणि त्याला दुसरे काही मागवावेसे वाटले नाही, ही गोष्ट मला त्या अधिवेशनातल्या पुष्कळ ठरावांपेक्षा अधिक लक्षात राहते.

आपल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाचली जाणारी एक कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. पाच भाकरी व दोन मासे ह्यांवर प्रभू येशूने पाच हजार लोकांना जेवू घातले. सर्वजण तृप्त झाल्यावर त्याने शिष्यांना काय सांगितले? उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. आणि त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याला पाचांच्या पाच हजार करिता येतात त्याला तुकड्यांची पर्वा कशाला? लहानपणी हा प्रश्न मी आमच्या शिक्षकांना विचारला होता. ते हसले व म्हणाले, "घरी जाऊन तुझ्या आजीला विचार."

आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. तिला मी विचारले. तिने उत्तर दिले नाही. माझ्या ताटात राहिलेला भाकरीचा पापुद्रा उचलून तो माझ्याच हातात दिला. ही मोठी माय म्हणजे काटकसरीचा मूर्तिमंत अवतार होती. दळणाला बसण्यापूर्वी ती त्यातले मूठभर धान्य काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकी. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर वर्षाचे सव्वाअठरा किलो होतात. हे गणित मी पुढे शाळेत केले, तिने ते कधी केले नव्हते. जुने धान्य वापरून त्या जागी नवे भरावयाचे व वर कडुलिंबाचा पाला घालावयाचा, एवढाच तिचा बँकेचा व्यवहार.

1972 साली पाऊस फिरकला नाही. महाराष्ट्रभर दुष्काळ पडला; रेशनच्या दुकानी तांबडी मिलो ज्वारी आली; तिची भाकरी थापताना चिरत असे व खाताना घशाशी अडत असे. त्याच वर्षाची आखाजी झाल्यानंतर आमच्या ताईचे लग्न झाले होते. त्यामुळे 1973 ची आखाजी ही तिची माहेरची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला लेक घरी आणावयाची, गोडाधोडाचे करावयाचे, परत जाताना तिची ओटी भरून नवे लुगडे व सासरच्यांना काही द्यावयाचे, ही रीत. बाबांच्या हाती एक पैसा नव्हता. त्यांनी एका रात्री हलक्या आवाजात सांगितले की शंभर रुपये व्याजाने काढतो, नाहीतर लोक नावे ठेवतील. माय चुलीपाशी बसली होती. ती काही बोलली नाही. मोठी माय म्हणाली, "लोक आज नावं ठेवतील आन् उद्या इसरतील. याज इसरत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिने गाडगे उपडे केले. डाळ थोडी होती व गूळ बेताचा. मांडे पाचच झाले आणि आम्ही खाणारे नऊ. प्रत्येकाला अर्धा मांडा आला, आणि उरलेला अर्धा ताईच्या पानात दुसऱ्यांदा वाढला गेला. कडुलिंबाला झोका बांधला होता. त्याला दोर जुनाच लागला. नव्या लुगड्याऐवजी ताईला गोधडी मिळाली. मोठी मायने आपल्या लग्नातले लुगडे पेटीतून काढून तिच्या वरच्या पदराला लाविले होते आणि मायने दोन महिने रात्री कंदिलाशी बसून तिला धावदोरा घातला होता. आतल्या थरांत आमचे सर्वांचे फाटके कपडे होते. माझ्या सदऱ्याची निळी चौकट कोपऱ्याशी दिसे. सासरी कोणी हसलेही असेल. आमच्या कानी ते आले नाही. व्याज मात्र कोणाला द्यावे लागले नाही, आणि पुढच्या मृगाला पेरणी वेळेवर झाली.

ही गोष्ट मी इथेच थांबविली तर ती वाचावयास गोड वाटेल. परंतु शाळेच्या अंकात अर्धे सत्य छापणे बरे नव्हे. ह्याच घराने, ह्याच मोठ्या मायने, त्यापूर्वी काही वर्षे आणखी एक काटकसर केली होती. ताई सातवी उत्तीर्ण झाली. पुढचे वर्ग दुसऱ्या गावी होते. फी, पुस्तके, जाण्यायेण्याचा खर्च ह्यांचा हिशेब झाला आणि ताईचे नाव काढून घेण्यात आले. दोन वर्षांनी माझी पाळी आली, तेव्हा तोच खर्च काढून मला पाठविण्यात आले. ताई वर्गात माझ्याहून हुशार होती. अपूर्णांक मला तिनेच शिकविले होते. घरात त्या दिवशी कोणी रडले नाही, भांडले नाही. भाकरीच्या तुकड्याचा हिशेब ठेवणाऱ्या घरात एवढे मोठे काही वाया जात आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. मी ते ध्यानात घेतले तेव्हा माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले होते.

म्हणून पालकांना मी आदरपूर्वक विचारतो: आपल्या घरची काटकसर कोणाच्या अंगावर पडते? जात्यावर पहाटे कोण उठते, कुरडयांसाठी उन्हात कोण बसते, शेवटी उरलेले कोण खाते? ज्या घरात ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल, तेथे काटकसर नाही. तेथे एकाच्या जिवावर बाकीच्यांचे सुख चालले आहे. आणि मुलांनो, तुम्हालाही. भाकरी थापणे, बटण लावणे, आपले ताट घासणे ही कामे मुलग्यांच्या हाताला शोभत नाहीत असे कोणी सांगितले? साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक होते. ते मुलांच्या नकळत त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, तीत पत्रावळ लावावयास शिकण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. शिकणारा श्याम मुलगाच आहे.

हिशेबाचे म्हणाल तर तो आजही सोपा आहे. घरातली दोन मुले रोज शाळेच्या वाटेवर पाच-पाच रुपयांचे चकचकीत पुडके घेतात. शाळेचे दोनशे दिवस धरले तर दोन हजार रुपये झाले. त्याऐवजी दप्तरात शेंगदाणे-गूळ किंवा भाजलेले बिबडे नेले तर खर्च थोडाच येतो. उरलेल्या पैशांत एक चांगला शब्दकोश येतो आणि वर टपालाच्या बचत खात्यात टाकावयास काही शिल्लक राहते. हे खाते आपल्या देशात 1882 पासून चालू आहे. पणजोबांच्या वेळची ही सोय आहे, तिच्यासाठी बाप्पाला नवस करावा लागत नाही. पुडक्याची चव वाईट असते असे मी म्हणत नाही. ती चांगली असते, म्हणूनच तर एवढे लिहावे लागते.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. 1880 साली असोद्याला जन्मलेली ही शेतकरीण लिहावयास-वाचावयास शिकलेली नव्हती. चूल, जाते, शेत, सुगरणीचा खोपा ह्यांवर तिने काम करिता करिता गाणी रचली. 1951 च्या डिसेंबरात ती गेली आणि 1952 साली तिची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. घरातल्या कोणी तरी ती गाणी कागदावर उतरवून ठेविली होती, म्हणून ती आपल्याला मिळाली.

गेल्या आखाजीला ताई आमच्याकडे आली होती. आता तिला जिना चढवत नाही. तिचा नातू, जो कॉलेजात शिकतो, त्याने हट्टाने मांडा हातावर घेतला. तो मनगटापर्यंत बरा गेला व कोपराशी फाटला. पुरण खाली पडण्यापूर्वी तिघांनी हात पुढे केले. संध्याकाळी नात बहिणाबाईंची गाणी मोठ्याने वाचीत बसली होती आणि ताई तीच जुनी गोधडी पायांवर घेऊन ऐकत होती. निळी चौकट पार विरली आहे. आता ती कोठे होती हे मला व तिलाच सांगता येते. एक गाणे संपल्यावर ताई म्हणाली, "मोठी मायसुद्धा जात्यावर असं काही काही म्हणे रे. तुला आठवतं का?" मला एकही ओळ आठवेना. मी तेव्हा शाळेत गेलेला असे.

"मला दोन-तीन येतात," ताई म्हणाली, आणि नातीकडे वळून तिने वही मागितली.